मागच्या खोलीतल्या बाई

१

धाकटीचा दिवस शिव्यांनी सुरू व्हायचा. शिव्या तिला नसत, ताईला असत, आणि ताईच्या नजरेला पडायच्या आत त्या उचलून बाजूला करणं हे धाकटीचं काम होतं. सकाळी साडेसहाला चहाचा कप डाव्या हाताशी, लॅपटॉप समोर, पाय खुर्चीवर दुमडलेले. अंगण झाडावं तशी ती साइट झाडून घ्यायची. साडेआठला आंघोळ, सव्वानऊला बस, दहाला दवाखान्यातली नोंदणीची खिडकी. सहा वर्षांत यात खंड पडला नव्हता. एव्हाना कुठली शिवी कुणाची हे ती नाव न बघता सांगू शकत होती.

ताई म्हणजे तिची सख्खी मोठी बहीण. लोक दार लावून ज्या फिल्म्स बघतात आणि दार उघडल्यावर ज्यांचं नाव काढत नाहीत, तसल्या फिल्म्समध्ये ताईने तरुणपणी नऊ वर्षं काम केलं होतं. अठरा वर्षांपूर्वी तिने ते सोडलं आणि कवळ्या बनवायला शिकली. घराच्या पुढच्या खोलीत तिचं टेबल होतं. त्यावर प्लास्टरचे जबडे, मेणाच्या पट्ट्या आणि पॉलिशचं गुरगुरणारं मशीन. शहरातले चार दंतवैद्य आपलं सगळं काम तिच्याकडेच पाठवत. "पूर्वी वाटायचं, एकेकाचे दात घशात घालावेत," ती म्हणायची. "आता तोंडात घालते. त्यात जास्त समाधान आहे."

ताईने फिल्म्स सोडल्या, पण चाहत्यांनी ताईला सोडलं नाही. तिच्या नावाने कोण कुठे काय काय लिहायचं. शेवटी एका जुन्या चाहत्याने दोघींना स्वतःची साइट काढून दिली. तो पेशाने ग्रंथपाल, म्हणून दोघी त्याला ग्रंथपालच म्हणत. त्याने ताईच्या सगळ्या फिल्म्सची तारीखवार यादी केली होती, आणि तिच्याशी बोलताना मात्र तो एखाद्या मुख्याध्यापिकेसमोर उभा असल्यासारखा बोलायचा. ताईची अट एकच होती. पडद्यावरचं जुनं नाव साइटवर कुठेही यायचं नाही. "ते मी तिथेच सोडून आलेय," ती म्हणाली होती. दर रविवारी ती साइटवर पानभर काहीतरी लिहायची. कवळी पहिल्यांदा घातल्यावर माणूस कसा हसतो, गुडघे का दुखतात, असलंच काहीतरी. नऊ हजार लोक ते वाचायचे. आयुष्यात पहिल्यांदाच लोक आपलं म्हणणं वाचताहेत, या आनंदात ताई सोमवारीसुद्धा गुणगुणत असे.

त्यांचं हे तिसरं घर होतं. पहिल्या घराच्या भिंतीवर कुणीतरी रात्रीतून नको ते रंगवून गेलं. दुसऱ्या घराच्या फाटकाशी एक माणूस तीन दिवस फुलं घेऊन उभा राहिला, आणि दोघींना भिंतीपेक्षा त्या फुलांचीच भीती जास्त वाटली. तिसऱ्या घरात आल्यावर ताई म्हणाली होती, "छकू, आता मी इथून हलायची नाही. पुन्हा कुणी शोधून काढलं तर साइट बंद, लिहिणं बंद, सगळं बंद." म्हणून हा पत्ता जपणं हाच धाकटीचा धर्म झाला होता.

२

ट्रोल्सना हाकलून देऊन उपयोग नसतो, हे दोघी पहिल्या वर्षातच शिकल्या होत्या. दारातून घालवलेला माणूस नवं नाव लावून खिडकीतून येतो. म्हणून ग्रंथपालाने साइटला एक मागची खोली करून दिली होती. जो घाण लिहील त्याला धाकटी गुपचूप तिकडे सरकवायची. त्याला काही कळायचं नाही. साइट नेहमीसारखीच दिसायची, त्याची कमेंटही झळकायची, पण ती दिसायची फक्त त्याला आणि त्याच खोलीत कोंडलेल्या बाकीच्यांना. बाहेरच्या नऊ हजारांना त्यातलं अक्षर दिसत नसे. अशा एक्केचाळीस जणांची तिथे भरती झाली होती. ते एकमेकांवरच तोंड टाकत बसायचे आणि त्यांना वाटायचं, जग ऐकतंय.

पण दोन वर्षांपूर्वी त्यांच्यात कुजबुज सुरू झाली होती. बाई इथे कधी एक लाईकसुद्धा का देत नाही? आपल्याला बाजूला तर टाकलं नाही ना? ते बिथरले असते तर एक्केचाळीस जण एक्केचाळीस नवी नावं घेऊन परतले असते. तेव्हा धाकटीने एक युक्ती केली. मागच्या खोलीत तिने ताईच्या त्या जुन्या नावाचं एक अकाउंट उघडलं. त्याला ताईचा एक जुना फोटो लावला, खांद्यावरून मागे वळून बघतानाचा. मग आठवड्यातून एकदा ती त्या नावाने कुणाला लाईक द्यायची, कुणाला नुसतं 'धन्यवाद'. माणसं शांत झाली. म्हणजे शिव्या चालूच राहिल्या, आता फक्त सगळ्या त्या फोटोला मिळू लागल्या. ताईला यातलं काही सांगितलं नव्हतं. कशाला उगीच तिच्या डोक्याला ताप?

आणि मग एका मंगळवारी सकाळी धाकटीने मागची खोली उघडली, तर तिथे एकही शिवी नव्हती.

तिला आधी वाटलं, काहीतरी बिघडलंय. पण कमेंटा होत्या. नेहमीच्याच लोकांच्या होत्या. त्यात एकजण असा होता की त्याच्या लिखाणाला साबण लावून धुतलं तरी वास गेला नसता. धाकटीने त्याला 'गटार' असं टोपणनाव ठेवलं होतं. त्या गटाराने लिहिलं होतं,

"हो बाई."

त्याच्या खाली दुसऱ्याने, "बरं बाई." तिसऱ्याने, "चुकलं बाई, परत नाही."

चहा निवला तरी धाकटी वाचत होती.

३

"कुणाला उत्तर देताहेत हे?" तिने दवाखान्यातून जेवणाच्या सुट्टीत ग्रंथपालाला फोन केला. "प्रश्न कुठेच नाही. नुसती उत्तरंच आहेत."

"बघतो," तो म्हणाला. पलीकडे बराच वेळ बटणांची टकटक ऐकू आली. "अहो, तुम्हीच लिहिताय की. त्या जुन्या नावाच्या अकाउंटवरून. गेले तीन आठवडे, रोज दुपारी दोन ते चार."

"दुपारी दोन ते चार मी इथे खिडकीत असते. समोर रांग असते माणसांची."

"मग बाई स्वतः लिहीत असतील?"

"ताईला ते अकाउंट माहीत नाही. काय लिहिलंय ते तरी सांगा."

ग्रंथपाल घुटमळला. "तेच तर विचित्र आहे. नोंद आहे, वेळ आहे. मजकूर मात्र कोरा आहे. मला कोरा दिसतो, तुम्हाला तर ओळच दिसत नाही. त्या लोकांना बहुतेक दिसत असावा."

धाकटीच्या मनात जे आलं ते तिला मुळीच आवडलं नाही. काहीजणांना दिसावं आणि काहीजणांना दिसू नये, ही युक्ती तिची स्वतःची होती. ती आज कुणीतरी तिच्यावरच केली होती.

पण ती काही लगेच बावचळणारी बाई नव्हती. पासवर्ड चोरीला गेला असेल, कुणीतरी मस्करी करत असेल. तिने पासवर्ड बदलला, मग नवा चौदा अक्षरांचा केला आणि कागदावरही लिहून ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत गटाराची एकच नवी ओळ होती.

"आज कुठवर आलात बाई?"

४

पुढचे चार दिवस धाकटीने रोज सकाळी ती उत्तरं वाचली. प्रश्न दिसत नसले तरी हळूहळू त्यांचा अंदाज येऊ लागला होता. कुणीतरी चालत होतं. चालता चालता वाटेत जे दिसेल ते या माणसांना सांगत होतं. आणि ही माणसं, ज्यांनी सहा वर्षांत एक सरळ वाक्य लिहिलं नव्हतं, ती त्या चालणाऱ्या बाईची काळजी करत होती.

"औषधांच्या दुकानानंतर डावीकडे का? बरं बाई, सावकाश."

"ऊन आहे, सावलीतून चला."

"निळं फाटक? मग आलंच की."

हे वाचल्यावर धाकटी उठून खिडकीशी गेली. त्यांचं फाटक निळं होतं. निळी फाटकं गावात पन्नास असतील, तिने स्वतःला सांगितलं. औषधांची दुकानं तर त्याहून जास्त. फार तर त्यांना पत्ता कळला असेल, एवढंच. एवढंच काय कमी होतं? म्हणजे पुन्हा खोकी भरणं आलं. ताईचं टेबल उचलणं आलं, आणि रविवारचं पान कायमचं बंद होणं आलं.

शनिवारी सकाळी मागच्या खोलीत लिहिलेलं होतं, "तिसरी पायरी हलते? जपून पाय टाका बाई."

घरापुढच्या ओट्याला चार पायऱ्या होत्या. तिसरीची फरशी निसटली होती, पण रस्त्यावरून ते दिसत नसे. पाय दिल्याशिवाय कुणाला कळलंच नसतं. धाकटी बाहेर गेली आणि उगीचच त्या पायरीवर उभी राहिली. फरशी खाली टेकताना टक् असा आवाज झाला.

"कोण गं?" आतून ताईने विचारलं.

"मीच."

"मघाशी पण तूच होतीस का?"

"मघाशी कधी?"

"अगं, वाजली होती ती पायरी. जाऊ दे. गवंड्याला बोलव एकदाचा, कुणीतरी तोंडावर पडेल. मग त्यालाही कवळी मलाच करावी लागेल." ताई हसली आणि मशीन पुन्हा गुरगुरू लागलं.

सांगून टाकावं, असं धाकटीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि ताईच्या टेबलावर, जबड्यांच्या मध्ये, अर्धं लिहिलेलं पान होतं. तिची हिंमत झाली नाही.

५

सोमवारी तिने अर्धी रजा टाकली. दीडला घरी आली, डोकं दुखतंय म्हणाली आणि आतल्या खोलीत पलंगावर फोन घेऊन बसली. दार अर्धं लोटलेलं होतं. पुढच्या खोलीतून मशीनचा आवाज येत होता, मधूनमधून ताईचा खोकला. खिडकीतून ऊन येऊन चादरीवर पडलं होतं. कुणाला भीती वाटावी अशी ती वेळच नव्हती.

बरोबर दोनला मागच्या खोलीत हालचाल सुरू झाली.

"पोहोचलात बाई?"

"दार उघडंच होतं? बरं झालं."

"बसा जरा. दमला असाल."

धाकटी डोळे फाडून बघत होती. एकामागून एक ओळी येत होत्या, आणि दोन ओळींच्या मध्ये एखादं वाक्य बोलायला लागेल तेवढीच उसंत.

"आत कोण कोण आहे?"

"दोघीच?"

"धाकटी कुठे आहे?"

मग गटाराने लिहिलं, "पलंगावर? फोनमध्ये बघतेय?"

धाकटीने फोन उलटसुलट करून पाहिला. कॅमेरा असेल, तिने स्वतःला बजावलं, फोनलाच कॅमेरा असतो, लोक काय वाटेल ते करतात. तिने अंगठा कॅमेऱ्यावर दाबून धरला. पडद्यावर पुढची ओळ आली.

"रागावू नका बाई तिच्यावर. तिला कळलं नसेल."

पुढच्या खोलीतलं मशीन थांबलं. आणि ताईचा आवाज आला. हळू, घरातल्याच माणसाशी बोलावं तसा.

"पाणी देऊ का?"

धाकटी उठली. दार ढकलून ती पुढच्या खोलीत आली तेव्हा ताई टेबलाशी एकटीच बसली होती, हातात अर्धी घासलेली कवळी होती. समोर दंतवैद्यांच्या माणसांसाठी ठेवलेली खुर्ची ओढून तिच्याकडे तोंड केलेली होती. खुर्ची रिकामी होती. पण तिची स्पंजची गादी मध्ये खोल दबलेली होती आणि धाकटीच्या डोळ्यांदेखत हळूहळू, नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखी, फुगून वर येत होती.

६

"कुणाशी बोलत होतीस?"

ताईने कवळी खाली ठेवली, हात पुसले. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. धाकटीला भीती वाटली ती त्याचीच.

"तू आधी बस," ताई म्हणाली. "आणि मला खरं सांग. तू ते नाव कुठे वापरलंस?"

धाकटीने सगळं सांगितलं. मागची खोली तर ताईला ठाऊकच होती, पण अकाउंट, फोटो, आठवड्याचा लाईक, दोन वर्षं, सगळं सांगितलं. सांगताना पहिल्यांदाच तिला स्वतःचे शब्द ऐकू आले आणि शरमेने तिचे कान तापले.

"तुझ्या वाटेला काही येऊ नये म्हणून केलं गं मी. त्यांना भुंकायला काहीतरी हवं होतं. नुसता एक फोटो दिला."

"नुसता फोटो," ताई म्हणाली.

"मग काय?"

"मी ते काम सोडलं ना, तेव्हा मला वाटलं होतं, मी तिला, त्या नावाच्या बाईला, तिथेच ठेवून निघालेय. वाईट वाटलं होतं मला. पण निदान तिथे तिला कुणी कोंडत नव्हतं गं, दिवे बंद झाले की सगळे आपापल्या घरी जायचे." ताईने खुर्चीच्या गादीवरून हात फिरवला. "तू तिला त्या एक्केचाळीस जणांत नेऊन कोंडलंस. दोन वर्षं, दिवसरात्र."

"ताई, तू असं बोलू नकोस. मला भीती वाटते."

"मलाही वाटली होती, क्षणभर. मग ती बोलायला लागली." ताई एवढंच म्हणाली. ती काय बोलली, हे धाकटीने विचारलं नाही. जे बोलणं ऐकून गटारासारखा माणूस 'चुकलं बाई' म्हणतो, ते ऐकायची तिची तयारी नव्हती.

संध्याकाळी दिवेलागणीलाच तिने लॅपटॉप उघडला. एकेकाला काढण्यात अर्थ नव्हता, ती अख्खी खोलीच पुसून टाकणार होती, त्या अकाउंटसकट. काय चार ट्रोल परत यायचे ते येऊ देत. बटण दाबण्याआधी तिने सवयीने शेवटची कमेंट वाचली. ती गटाराची होती आणि पहिल्यांदाच ती धाकटीला उद्देशून होती.

"बंद केलंत तरी चालेल. त्या आता इथे नाहीत. त्यांना सांभाळा."

तिने बटण दाबलं. पडद्यावर पांढरं पान आलं आणि धाकटीला रडू फुटलं. भीतीचं होतं की कशाचं, तिलाच कळेना.

७

सकाळी साडेसहाला साइट लख्ख होती. ताईच्या रविवारच्या पानाखाली दोनशे लोकांनी चांगलंचुंगलं लिहिलं होतं. एकही नवं नाव घाण घेऊन आलं नव्हतं. पत्त्याचा कुठे उल्लेख नव्हता. ग्रंथपालाचा निरोप होता, 'सर्व ठीक दिसते. बाईंना नमस्कार.' घर वाचलं होतं. धाकटीने सुटकेचा श्वास सोडला आणि ताईला सांगायला ती मोठ्याने हाका मारतच स्वयंपाकघरात गेली.

"ताई! ए ताई! गेले सगळे, एक पण..."

ताई ओट्याशी उभी होती. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

ताईच्या झोपायच्या खोलीचं दार स्वयंपाकघरातूनच होतं. ते वीतभर उघडं होतं. पडदे ओढलेले असल्याने आत अंधूक उजेड होता. पलंगावर भिंतीकडे तोंड करून कुणीतरी पांघरूण घेऊन झोपलेलं होतं. धाकटीला दिसला तो फक्त बाहेर लोंबणारा एक हात. लहानपणी धाकटीच्या हातून गरम तवा लागला होता, त्याचा चट्टा ताईच्या उजव्या कोपराखाली आहे, आता पुसट आणि सुरकुतलेला. त्या हातावरही तो चट्टा होता. पण गुलाबी होता, आणि भोवतालची कातडी विशीतल्या बाईची होती, गुळगुळीत. ताई तिच्या शेजारी उभी राहून चहा गाळत होती.

"दोन वर्षं झोपलेली नाही ती," ताई पुटपुटली. "झोपू दे पोटभर."

धाकटीने भिंतीला हात टेकला. कॅमेरा, पासवर्ड, मस्करी, जे जे तिने इतके दिवस स्वतःला सांगितलं होतं, त्यातलं काही आता आठवेना.

"मी... मी कामावर जाते," ती कशीबशी म्हणाली.

"आज नको जाऊस." ताईचा आवाज मऊच होता. "रात्री तुझ्याबद्दल विचारत होती. म्हणाली, ती रोज सकाळी यायची. माझ्या अंगावर टाकलेलं सगळं वाचायची, अगदी नीट वाचायची. चहा पीत. आणि बाहेरून कडी लावून निघून जायची. ती असं का करायची, असं विचारलं तिने. मला नाही सांगता आलं गं छकू. मी म्हटलं, उठलीस की तिलाच विचार."

ताईने गाळलेला चहा तिच्या हातात दिला आणि ती पुढच्या खोलीत कामाला निघून गेली. धाकटी तो कप धरून त्या वीतभर उघड्या दारासमोर उभी राहिली. पळून जायला घराचं दार मोकळं होतं. पण पळावं असं तिला वाटलं नाही. वाटली ती लाज, आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी. एखादं उत्तर जुळवावं म्हणून ती शब्द शोधत होती, आणि एकही शब्द सापडायच्या आत पलंग करकरला, आणि आत कुणीतरी कूस बदलून दाराकडे तोंड केलं.